गतकाळातील सुपरहिरोचे पोस्टर कसे घडवावे

जून १९९१ मध्ये डिस्नेने ‘द रॉकेटियर’ हा चित्रपट प्रदर्शित केला. १९३८ च्या लॉस एंजेलिसमधील एका तरुण वैमानिकाच्या हाती पाठीवर बांधायचे उड्डाणयंत्र लागते, अशी त्याची कथा. जॉन मॅटोस यांनी केलेले त्याचे पोस्टर आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांनंतर बहरलेल्या भौमितिक सजावटीच्या शैलीचा उत्तम नमुना मानले जाते, आणि ते योग्यच आहे. शिरस्त्राण घातलेली आकृती आकाशात झेपावते, रेषा तिच्याबरोबर वर धावतात, आणि सगळे चित्र तीसच्या दशकातील छापखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे वाटते. चित्रपटाला मात्र अमेरिकेत साधारण ४.७ कोटी डॉलरवर थांबावे लागले आणि ठरवलेली मालिका पुढे सरकली नाही. या अपयशाचा सगळा भार पोस्टरवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्याच उन्हाळ्यात स्पर्धा तीव्र होती. तरीही त्या पोस्टरपुढे उभे राहिल्यावर काळ ताबडतोब कळतो आणि माणूस कळत नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. चेहरा धातूखाली झाकलेला आहे, त्यामुळे त्या तरुणाला काय हवे आहे आणि तो काय गमावू शकतो, याचा पत्ता लागत नाही.

‘द रॉकेटियर’चेच दिग्दर्शक जो जॉन्स्टन यांनी वीस वर्षांनी, २०११ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ केला. या वेळी जगभर लागलेली मुख्य पोस्टरे छायाचित्रांवर बेतलेली होती आणि त्यांच्या केंद्रस्थानी ख्रिस इव्हान्स व त्याची ढाल होती. चाळीसच्या दशकातील प्रचारपत्रकांच्या धाटणीचे सुंदर रंगवलेले पोस्टरही झाले. पाओलो रिवेरा यांनी केलेले ते पोस्टर कलाकार आणि तंत्रज्ञांना भेट देण्यासाठी होते. या दोन उदाहरणांतून या लेखाचा मुख्य मुद्दा निघतो. अशा पोस्टरमध्ये काळ हा चित्राच्या घडणीत, म्हणजे रेषा, रंग, अक्षर आणि छपाईच्या खुणांत मुरवावा, आणि प्रेक्षकाला बोलावण्याचे काम नायकाच्या माणूसपणावर सोपवावे. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: काळ आणि शक्ती यांतील ताण एका वाक्यात लिहा

स्केचबुक उघडण्यापूर्वी एक वाक्य कागदावर यावे. कथा कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी घडते, आणि त्या काळातील कोणती गोष्ट नायकाच्या शक्तीच्या आड येते किंवा तिला अर्थ देते, हे त्या वाक्यात असावे. ‘वंडर वुमन’ (२०१७) ची मूळ नायिका कॉमिकमध्ये १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अवतरली होती. चित्रपटाने तिला १९१८ च्या खंदकांत आणले. यंत्रांनी चालणारा सामूहिक संहार नुकताच सुरू झालेल्या जगात युद्ध थांबवता येईल असा विश्वास बाळगणारी योद्धा, हा तिचा ताण आहे. असे वाक्य हाती आले की पोस्टरवर कोणती वस्तू राहील आणि कोणती जाईल, याचा निर्णय सोपा होतो. वाक्यात केवळ वर्ष आणि वेशभूषा एवढेच सापडत असेल, तर दिग्दर्शकाशी पुन्हा बोलणे आवश्यक आहे, कारण त्या स्थितीत पोस्टरही वेशभूषेच्या पलीकडे जाणार नाही.

सरावासाठी एक काल्पनिक कथा घेऊ आणि ती शेवटपर्यंत सोबत ठेवू. ऑगस्ट १९४२, मुंबई. गोवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक दिली गेली आहे, नेते तुरुंगात आहेत, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवत आहेत. अशा शहरात एका गिरणी कामगार मुलीला दूरचे आवाज ऐकू येण्याची शक्ती मिळते. ज्या शहरात बोलण्यावर बंदी आहे तिथे सर्व काही ऐकू येणारी मुलगी, हा तिचा ताण.

दुसरी पायरी: त्या काळाची छापील सामग्री गोळा करा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. बहुतेक संकल्पक त्या काळावर नंतर बनलेले चित्रपट पाहतात आणि त्यामुळे नकलेची नक्कल करतात. त्याऐवजी त्या वर्षांत प्रत्यक्ष छापलेली पोस्टरे, आगपेट्या, रेल्वेच्या जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठे पाहावीत आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: हे असे का दिसते? उत्तर बहुधा छपाईच्या तंत्रात सापडते.

पहिल्या महायुद्धातील पोस्टरे प्रामुख्याने शिळाछापावर, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईने, निघाली. रंगवलेली एकच मोठी आकृती आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत रोखलेली नजर ही त्यांची ओळख. आल्फ्रेड लीट यांनी १९१४ मध्ये काढलेल्या, बोट रोखणाऱ्या युद्धमंत्री किचनर यांच्या चित्राने ब्रिटनमध्ये ही रचना रूढ केली, आणि १९१७ मध्ये जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी अमेरिकेचे प्रतीक असलेल्या, बोट रोखणाऱ्या अंकल सॅमसाठी तीच घेतली. तीसच्या दशकात ए. एम. कासांद्र यांच्यासारख्या कलावंतांनी एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाच्या, गुळगुळीत छटा आणि भूमिती एकत्र आणली. ‘नॉर्मांडी’ या जहाजाचे त्यांचे १९३५ चे पोस्टर पाहिले म्हणजे नजर पाण्याच्या पातळीवर खाली ठेवल्याने वस्तू किती प्रचंड वाटते, हे कळते. सुपरहिरोला भव्य करणारा हा खालून पाहण्याचा कोन त्या काळाच्या पोस्टरकलेतच तयार होता. त्याच दशकात अमेरिकेत सरकारी कलाप्रकल्पाने हजारो पोस्टरे स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून, काढली. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा पडदा लागत असल्याने रंग मोजके, सपाट आणि काठांना स्वच्छ असत. म्हणून तीन-चार रंगांत बसवलेले चित्र आजही ‘तीसच्या दशकातले’ वाटते, मग त्यात एकही जुनी मोटार नसली तरी चालते.

साठच्या दशकाकडे येताना कात्रीने कापलेल्या कागदासारखे आकार दिसू लागतात. अमेरिकन संकल्पक सॉल बास यांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून ती भाषा चित्रपटाच्या पोस्टरमध्ये आणली होती. ऐंशीच्या दशकासाठी निऑन, क्रोम आणि पुन्हा एअरब्रश.

येथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. बाही वर सारून मूठ आवळलेली कामगार स्त्री आज दुसऱ्या महायुद्धाचे प्रतीक झाली आहे. पण जे. हॉवर्ड मिलर यांचे ते १९४३ चे पोस्टर वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यांत थोड्या काळापुरते लागले होते. त्याला जगभर कीर्ती मिळाली ती ऐंशीच्या दशकात आणि नंतर. म्हणजे आपल्या आठवणीतील काळ आणि प्रत्यक्ष काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रेक्षक तिकीट काढतो ते आठवणीतील काळाकडे पाहून. त्यामुळे गोळा केलेल्या सामग्रीचे दोन गठ्ठे करावेत. एका गठ्ठ्यात प्रेक्षक लगेच ओळखतील अशा खुणा, दुसऱ्यात फक्त जाणकारांना कळतील अशा. पहिल्या गठ्ठ्यातील एक खूण आणि दुसऱ्यातील दोन-तीन, असे प्रमाण ठेवले तर पोस्टर ओळखीचेही राहते आणि शिळेही होत नाही.

आपल्या १९४२ च्या मुंबईसाठी सामग्री शहरातच उभी आहे. रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहे, मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या गोलाई आणि सज्जे, हे सगळे आर्ट डेको आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यताही मिळाली आहे. परदेशी पुस्तकातील डेको उचलण्यापेक्षा या इमारतींच्या दर्शनी भागांवरील नक्षी आणि जिन्यांचे कठडे रेखाटून आणावेत.

तिसरी पायरी: हे पोस्टर नेमके कोणासाठी, ते ठरवा

अशा चित्रपटाचे प्रेक्षक साधारण तीन प्रकारचे असतात. पहिल्यांना तो काळ स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या आठवणीतून प्रिय असतो, दुसऱ्यांना नायक कॉमिकमधून ठाऊक असतो, आणि तिसऱ्यांना, ज्यांची संख्या बहुधा सर्वांत मोठी असते, यांपैकी काहीच ठाऊक नसते. तिसऱ्या गटासाठी जुना काळ हा सुरुवातीला अडथळा असतो, हे मान्य करूनच काम करावे लागते. एका पोस्टरने तिघांनाही जिंकण्याचा प्रयत्न केला की कोपऱ्याकोपऱ्यांत चेहरे आणि स्फोट भरलेले, कोणाचेच नसलेले चित्र तयार होते.

त्यामुळे पोस्टरांची कामे वाटून द्यावीत. ‘वंडर वुमन’च्या २०१६ मधील पहिल्या पोस्टरवर नारिंगी-निळ्या आकाशापुढे तलवार घेतलेली डायना आणि सामर्थ्य, सौष्ठव, प्रज्ञा, विस्मय या अर्थाचे चार इंग्रजी शब्द होते. पहिल्या महायुद्धाची खूण जवळजवळ नव्हती, ते काम ट्रेलरने केले. मला हा निर्णय धाडसी आणि अचूक वाटतो. नायिका प्रथमच स्वतःच्या चित्रपटात येत असताना तिची ओळख हीच सर्वांत मोठी बातमी होती. उलट ‘एक्स-मेन: फर्स्ट क्लास’ (२०११) च्या सुरुवातीच्या पोस्टरांवर काळ्या छायाकृतींच्या आत अभिनेत्यांचे चेहरे बसवलेले होते. कथा १९६२ च्या क्युबा संकटाची असूनही त्या चित्रांत साठचे दशक नव्हते आणि तरंगणाऱ्या चेहऱ्यांत माणूसही उभा राहत नव्हता, त्यामुळे त्यांची बरीच टवाळी झाली. पुढच्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०१४) ने एकाच व्यक्तिरेखेचा तरुण आणि वृद्ध चेहरा एकमेकांत मिसळून दाखवला. दोन काळांमधून फिरणाऱ्या कथेसाठी इतका थेट आणि भावनेला भिडणारा उपाय क्वचितच सापडतो.

प्रदेशाचाही विचार करावा. ‘कॅप्टन अमेरिका’ रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरियात केवळ ‘द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ या नावाने लागला. एका देशातील अभिमान दुसऱ्या देशात दार बंद करू शकतो, याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

चौथी पायरी: छोटी रेखाचित्रे आणि छायाकृती

संगणकाकडे जाण्यापूर्वी आगपेटीएवढ्या चौकटींत पेन्सिलने निदान वीस रचना काढाव्यात. एवढ्या आकारात बारकावे मावत नाहीत, त्यामुळे रचना चांगली आहे की नाही, ते लपत नाही. नायकाची आकृती पूर्ण काळी भरून पाहावी. काळ्या डागातूनही तो ओळखू आला पाहिजे, आणि शक्य असेल तर काळही. टोपीची कड, कोटाची लांबी, केसांची ठेवण, साडी नेसण्याची पद्धत या गोष्टी छायाकृतीतच काळ सांगतात.

तिरकी रेषा वेग देते, उभी रेषा निश्चय, आणि खाली ठेवलेले क्षितिज भव्यता. तिन्ही एकत्र वापरू नयेत. आपल्या ऐकणाऱ्या मुलीसाठी वेगाची गरज नाही. ती एका जागी थांबलेली, मान किंचित वळवलेली, डोळे मिटलेले, अशी असावी, आणि शहरातील आवाज तिच्याकडे येणाऱ्या डेको पद्धतीच्या समांतर कमानींतून दिसावेत. डोळे मिटलेले असले तरी चेहरा पूर्ण उजेडात ठेवावा. ‘रॉकेटियर’चे उदाहरण येथे उपयोगी पडते. नायकाचा मुखवटा कथेत कितीही महत्त्वाचा असला, तरी पहिल्या ओळखीच्या पोस्टरवर चेहऱ्याचा निदान काही भाग दिसू द्यावा, किंवा मुखवटा हातात धरलेला दाखवावा.

पाचवी पायरी: काळाची एकच वस्तू, आणि ती शक्तीला स्पर्श करणारी

ट्राम, ग्रामोफोन, तिरंगा, कंदील, सायकल, सगळे एका चित्रात आले की पोस्टर जुन्या वस्तूंच्या दुकानासारखे दिसते. एक वस्तू निवडावी आणि ती नायकाच्या शक्तीशी किंवा संकटाशी जोडलेली असावी. आपल्या कथेत ती वस्तू म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ, आणि त्याच्या तबकडीचा पिवळसर प्रकाश हाच चित्रातील एकमेव प्रकाश. युद्धकाळात मुंबईत रात्री ब्लॅकआउट, म्हणजे दिवे झाकण्याचा नियम, पाळला जाई, त्यामुळे या प्रकाशाला इतिहासाचाही आधार मिळतो.

बेसिल जोसेफ दिग्दर्शित ‘मिन्नल मुरली’ (२०२१) हा मल्याळम चित्रपट या दृष्टीने अभ्यासावा. नव्वदच्या दशकातील केरळच्या खेड्यात घडणाऱ्या या कथेचा नायक शिंपी आहे. त्यामुळे सुपरहिरोचा पोशाख परग्रहावरून न येता शिवणयंत्रावरून येतो. काळ, गाव, व्यवसाय आणि शक्ती एकाच वस्तूत गुंफली गेल्यावर संकल्पकाचे निम्मे काम पटकथेनेच केलेले असते.

सहावी पायरी: रंग आणि छपाईच्या खुणा

चार रंग ठरवा आणि ते पाळा. आपल्या पोस्टरसाठी गडद निळा, रेडिओच्या प्रकाशाचा पिवळा, विटकरी आणि कागदाचा मळकट पांढरा पुरेसे आहेत. निळ्यावर पिवळा चढला की जो हिरवट रंग मिळतो, तो पाचवा रंग म्हणून फुकट मिळतो. स्क्रीन प्रिंटिंग करणारे कारागीर हीच युक्ती वापरत असत. संगणकावर प्रत्येक रंग स्वतंत्र थरात ठेवून ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने, म्हणजे खालचा रंग वरच्यातून दिसेल असा, एकमेकांवर टाकावा, म्हणजे हा परिणाम खरा वाटतो.

छायाचित्रात सावल्यांना निळसर-हिरवी आणि त्वचेला नारिंगी झाक देण्याची हल्लीची सवय येथे टाळावी, कारण ती चित्राला ताबडतोब एकविसाव्या शतकात आणते. त्याचप्रमाणे फाटलेल्या कडा, चहाचे डाग, घड्या यांचा तयार थर वर टाकू नये. १९४२ मधील माणसाच्या हातात आलेले पोस्टर नवे कोरे होते. जुनेपणाचा थर प्रेक्षकाला सांगतो की ही गोष्ट संपून गेली आहे, आणि आपल्याला नेमके उलटे सांगायचे आहे. रंगाच्या ठशात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, सपाट रंगातील सूक्ष्म दाणेदारपणा, एवढे पुरते.

सातवी पायरी: अक्षरे

काळ सर्वांत लवकर उघडा पडतो तो अक्षरांत. फ्यूचुरा ही अक्षरशैली (फाँट) १९२७ ची, हेल्व्हेटिका १९५७ ची, युरोस्टाइल १९६२ ची. १९४२ च्या पोस्टरवर हेल्व्हेटिका दिसली की जाणकाराचा विश्वास उडतो, आणि इतरांनाही काहीतरी चुकल्यासारखे वाटते. १९८९ ची ट्रेजन ही अक्षरशैली तर इतक्या चित्रपटांवर येऊन गेली आहे की ती कोणत्याच काळाची राहिलेली नाही.

देवनागरीसाठी प्रश्न अधिक नाजूक आहे. रोमन मोठी अक्षरे एका सरळ पट्टीत बसतात. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात, त्यामुळे इंग्रजी शीर्षकासाठी आखलेल्या पट्टीत मराठी किंवा हिंदी शीर्षक कोंबले की अक्षरांचा मुख्य भाग लहान होतो आणि नाव दुबळे दिसते. पोस्टर मराठीसाठी असेल तर शीर्षकाची जागा देवनागरी धरूनच आखावी. रोमन डेको अक्षरांचे तुकडे कापून त्यांवर शिरोरेषा ओढण्याचा मार्ग तर पूर्णपणे सोडावा. डेकोचा गुण भूमितीत आहे, आणि देवनागरीकडे तिची स्वतःची भूमिती आहे: क, व, ब यांचे गोल, काना आणि दंड यांच्या उभ्या रेषा, आणि सर्वांना जोडणारी शिरोरेषा. गोल मोठे व खाली सरकवलेले, दंड बारीक व लांब आणि शिरोरेषा इमारतीच्या सज्जासारखी पुढे काढलेली, असे केले तर अक्षर डेकोही होते आणि मराठीही राहते.

संदर्भासाठी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची खिळ्यांची अक्षरे पाहावीत. त्या काळातील मजकुराचा पोत तिथे मिळतो. शीर्षकासाठी मात्र हाताने काढलेले अक्षरच घ्यावे. नाटकाच्या जाहिरातीतील नावाच्या वळणातून नाटकाचा स्वभाव सांगणारे कमल शेडगे यांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी वीसच्या दशकात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे रंगवली तेव्हापासून चित्र आणि अक्षर एकाच हाताने काढण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि गतकाळातील कथेसाठी तिच्याकडे परतणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

आठवी पायरी: चाचणी

पोस्टर पाच सेकंद दाखवून झाका आणि तीन प्रश्न विचारा. गोष्ट कोणत्या काळात घडते? मुख्य व्यक्तीला काय हवे असावे? पुढे काय होईल, हे जाणून घ्यावेसे वाटते का? वीस वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील लोकांना वेगवेगळे विचारावे. पहिल्याचे उत्तर आले आणि दुसऱ्याचे नाही, तर शैलीने माणसाला झाकले आहे. दुसऱ्याचे आले आणि पहिल्याचे नाही, तर दुसऱ्या पायरीवर जाऊन सामग्री पुन्हा पाहावी लागेल. तिसऱ्याचे उत्तर दोन्ही गटांकडून थंड आले, तर दोष पहिल्या वाक्यात असतो.

बारकाव्यांची तपासणी वेगळी करावी. २०२५ मध्ये साठच्या दशकाचे भविष्यवेधी रूप घेऊन आलेल्या ‘फॅन्टास्टिक फोर’च्या एका पोस्टरवर गर्दीतील माणसाच्या हाताला चारच बोटे असल्याचे प्रेक्षकांनी शोधले, आणि चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने केल्याचा आरोप झाला. मार्व्हलने तो नाकारला. परंतु चर्चा मात्र नायकांऐवजी बोटांची झाली. हाताने केल्यासारख्या दिसणाऱ्या चित्राकडे लोक अधिक बारकाईने पाहतात, म्हणून गर्दी, हात, पाट्यांवरील मजकूर आणि झेंड्यांची रूपे दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावीत. आपल्या १९४२ च्या चित्रात झेंडा आलाच, तर त्याच्या मधोमध चरखा असेल. अशोकचक्र जुलै १९४७ नंतरचे.

नववी पायरी: आकार आणि अंतिम फाइल

मूळ चित्र चित्रपटगृहातील सर्वांत मोठ्या उभ्या आकारासाठी करावे. आंतरराष्ट्रीय उभा आकार २७ × ४० इंचांचा आहे. चारही बाजूंना कापणीसाठी जादा रंग सोडावा आणि श्रेयनामावलीची जागा सुरुवातीपासून राखावी, कारण शेवटी ती घुसवताना नेहमी नायकाचे पाय जातात. छपाईसाठी सीएमवायके (शाईच्या चार रंगांची) आणि पडद्यासाठी आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची) अशा दोन प्रती स्वतंत्रपणे पाहून मंजूर कराव्यात. आपल्या निळ्यावर चढलेला पिवळा दोन्हीकडे सारखा दिसणार नाही, त्यामुळे छापखान्यातून एक नमुना प्रत मागवून ती दिवसाच्या उजेडात आणि चित्रपटगृहातील पिवळ्या दिव्याखाली पाहावी.

ओटीटी आणि तिकीट-अ‍ॅपवर हेच चित्र अंगठ्याच्या नखाएवढे होते. तिथे मूळ पोस्टर आकसून देऊ नये. चेहरा, रेडिओच्या तबकडीचा प्रकाश आणि शीर्षकाचे एकच मोठे अक्षर किंवा चिन्ह एवढेच घेऊन तो चौकोन नव्याने रचावा, आणि त्यासाठी रंगांचे थर, छायाकृती व हाताने काढलेले शीर्षक सुटे जतन करून निर्मात्याकडे सोपवावे.